रकाना कोणाचा, माणसाचा की खात्याचा?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की कर्जवसुलीच्या सॉफ्टवेअरमध्ये कस्टम फील्ड बनवायला दोन मिनिटं लागतात आणि ते निस्तरायला दोन वर्षं, तर त्यावर इतकी पत्रं आलीत की हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. नवीन वाचकांसाठी एका वाक्यात: नाव, फोन, बाकी रक्कम, हप्त्याची तारीख हे रकाने सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असतात, आणि आपल्या कामापुरते जे जास्तीचे रकाने आपण स्वतः जोडतो ती कस्टम फील्ड. जुन्या वहीत शेवटच्या कॉलमपुढे पट्टीने रेघ मारून एक कॉलम वाढवायचो ना, तेच.

प्रश्न: ताई नमस्कार, आमच्याकडे नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा प्रत्येक विभागाकडून फील्डची यादी मागवली आणि सगळी बनवली, आता खातं उघडलं की सत्तरच्या वर रकाने दिसतात. कॉलिंगची मुलं भरत नाहीत. साहेब म्हणतात सगळी कंपल्सरी करून टाका. करू का?

अजिबात नको! कंपल्सरी केलंत तर मुलं भरतील हो, पण काय भरतील ते बघा. टेक्स्ट असेल तिथे एक टिंब, तारीख असेल तिथे आजची तारीख, ड्रॉपडाउन असेल तिथे यादीतलं पहिलं जे असेल ते. मी स्वतः कॉलिंगला बसलेली आहे, समोर पुढचा कॉल वाट बघत असताना कोणी विचार करत नाही की ह्या माणसाचा "उत्पन्नाचा प्रकार" नक्की कुठला. रिकामा रकाना निदान खरं तरी बोलतो, की माहिती नाही. टिंब भरलेला रकाना खोटं बोलतो आणि रिपोर्टमध्ये शंभर टक्के भरलेला दिसतो.

यादी मागवली तिथेच गडबड झाली. तुम्हाला काय काय हवंय असं विचारलं की माणूस सगळंच मागतो. त्याऐवजी विचारायचं की ह्या रकान्यात अमुक लिहिलेलं दिसलं तर उद्या सकाळी कोण काय वेगळं करणार? उदाहरणार्थ "बोलण्याची भाषा" हा रकाना. त्यावरून खातं कोणत्या मुलाकडे जाणार आणि पत्र कोणत्या भाषेत निघणार हे ठरतं, म्हणजे तो ठेवायचा. "नोकरीची जागा" त्यावरून कोणी काहीच ठरवत नसेल, फक्त असलेलं बरं म्हणून असेल, तर काढा. आणि "असलेलं बरं" हे उत्तर ज्या रकान्याला मिळेल तो पहिल्या फटक्यात यादीतून खाली.

आता सत्तर झालेतच तर एक करा, प्रत्येक फील्डसाठी दोन आकडे काढा, किती खात्यांत ते भरलंय आणि किती रिपोर्ट, पत्रं किंवा नियम त्याला वापरतात. जे कोणीच वापरत नाही ते लपवा. डिलीट नका करू, लपवा! डिलीट केलं की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आतला डेटाही जातो, आणि सहा महिन्यांनी क्लायंटचा, म्हणजे ज्याची वसुली आपण करतो त्याचा, ऑडिटवाला नेमकं तेच विचारतो. जे उरतील त्यांतलेही सगळे एका स्क्रीनवर नकोत, कॉल चालू असताना लागणारे आठ-दहा वरती, बाकीचे वेगळ्या टॅबमध्ये. कंपल्सरी करायचंच असेल तर ते परिस्थितीवर बांधा, म्हणजे कॉलचा निकाल "वाद आहे" निवडला तरच वादाचं कारण कंपल्सरी, एरवी तो रकाना दिसायलाही नको. ही सोय बहुतेक ठिकाणी असते पण कोणी उघडून बघत नाही.

प्रश्न: फील्ड बनवताना सॉफ्टवेअर विचारतं की ते कर्जदाराच्या लेव्हलला हवं की खात्याच्या. आम्ही सगळी खात्याच्या लेव्हलला केली, कारण आम्ही काम खात्यावरच करतो. काही बिघडतं का?

बिघडतं, आणि ह्या अंकातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे म्हणून जरा लांब लिहिते.

मी पूर्वी एका ठिकाणी होते तिथेही असंच सगळं खात्यावर होतं. एका कर्जदाराची दोन खाती होती, एक माझ्याकडे, एक दुसऱ्या टीममधल्या मुलाकडे. मी फोन केला तर त्यांच्या पत्नीने सांगितलं की ते आठवड्यापूर्वी गेले. मी सॉरी म्हटलं, फोन ठेवला, माझ्या खात्यावर "मृत" वर टिक केलं आणि ते खातं कॉलिंगमधून बाहेर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाने त्याच्या यादीप्रमाणे फोन लावला आणि साहेब आहेत का म्हणून विचारलं. फोन परत बाईंनीच उचलला. त्या मुलाची चूक नव्हती, माझीही नव्हती, चूक त्या टिकची होती जी चुकीच्या कागदावर छापलेली होती. त्या बाई काय बोलल्या ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून माझी कसोटी साधी आहे. ह्याच माणसाची उद्या दोन खाती आली तर ह्या रकान्याचं उत्तर एकच राहील की दोन होतील? माणूस हयात आहे का, कोणत्या भाषेत बोलतो, वकील लावलाय का, फोन करू नका लेखी कळवा असं सांगितलंय का, ह्यांची उत्तरं खाती कितीही असोत एकच. म्हणजे हे माणसाचे रकाने. मूळ कराराचा नंबर, क्लायंटकडचा ब्रँच कोड, शेवटचा हप्ता कधी आला, वाद कशाबद्दल आहे, ही खात्याची माहिती. वाद विशेषतः! एका खात्यावर माणूस म्हणतो हे बिल माझं नाहीच, पण दुसरं खातं तो मान्य करतो, आणि तुम्ही वादाची टिक माणसावर ठेवलीत तर दोन्ही खाती बंद पडतील.

आणि तिसरी जागा लोक विसरतात, ती म्हणजे फोन नंबर. "नंबर चुकीचा" हा रकाना ना माणसाचा ना खात्याचा, तो त्या नंबरचा. माणसावर ठेवला आणि त्याचे तीन नंबर असले तर कुठला चुकीचा हे कोण सांगणार, मग मुलं नोट्समध्ये लिहितात "दुसरा वाला चुकीचा" आणि पुढच्या आठवड्यात कोणीतरी नंबरांचा क्रम बदलतो. नंबर कोणाकडून मिळाला, त्यावर मेसेज पाठवायला परवानगी आहे का, हेही त्या नंबरलाच चिकटलेलं हवं. जामीनदार आणि सह-कर्जदारही तसेच, त्यांना "जामीनदार १ नाव", "जामीनदार १ फोन", "जामीनदार २ नाव" असे कस्टम रकाने नका करू, त्यांना वेगळी माणसं म्हणून नोंदवा आणि खात्याशी नात्याने जोडा. नाहीतर एकच माणूस एका खात्यावर कर्जदार, दुसऱ्यावर जामीनदार असला की सॉफ्टवेअरला ते दोघं वेगळे वाटतात.

आता तुमचं झालंय ते सुधारायचं तर नवीन फील्ड माणसाच्या लेव्हलला बनवा आणि डेटा हलवा, पण हलवताना दोन खात्यांवर दोन वेगळी उत्तरं सापडतील. ती आपोआप एकत्र करू नका, तेवढी यादी काढून माणसाकडून तपासून घ्या. फक्त "मृत" आणि "फोन करू नका" ह्या दोघांना थांबू नका, एका जरी खात्यावर टिक असेल तर तपासणी होईपर्यंत सगळीकडे टिक.

प्रश्न: क्लायंटच्या फाइलमधून इम्पोर्ट केल्यावर "शेवटच्या पेमेंटची तारीख" ह्या फील्डमध्ये ४५२९२ असले आकडे आलेत, आणि लोन नंबरच्या पुढची शून्यं गायब आहेत. सॉफ्टवेअरवाले म्हणतात फाइल चुकीची, क्लायंट म्हणतो फाइल बरोबर.

दोघंही अर्धे बरोबर आहेत. खरा कलाकार मध्ये बसलेला एक्सेल.

४५२९२ ही तारीखच आहे. एक्सेल तारीख म्हणून आत एक आकडा ठेवतं, १ जानेवारी १९०० ला १ धरून पुढे मोजत, आणि ४५२९२ म्हणजे १ जानेवारी २०२४. फाइल बनवताना कॉलमचा फॉरमॅट निघून गेला की आतला आकडा बाहेर पडतो, आणि तुमचं फील्ड बहुतेक टेक्स्ट प्रकारचं आहे म्हणून त्याने निमूटपणे घेतला. फील्ड तारखेच्या प्रकारचं असतं तर ती ओळ इम्पोर्टमध्येच अडकली असती आणि तुम्हाला त्याच दिवशी कळलं असतं. तारखेला तारखेचं फील्ड द्या असं मी म्हणते ते ह्यासाठी. शिवाय टेक्स्टमध्ये ठेवलेल्या तारखा नीट लागतही नाहीत, ०१/१२ आधी येतं आणि ०२/०१ नंतर, कारण मशीन अक्षरं बघतं.

पण हा आकडा निदान डोळ्याला खुपतो, न खुपणारी चूक जास्त वाईट. ज्या कॉम्प्युटरवर महिना आधी लिहायची सेटिंग आहे तिथे ०५/०४/२०२४ लिहिलेली फाइल उघडली की ५ एप्रिलचं ४ मे होतं, काहीही न सांगता, आणि १५/०४/२०२४ मात्र टेक्स्ट म्हणून तसंच राहतं कारण पंधरावा महिना नसतो. म्हणजे एकाच कॉलममध्ये अर्ध्या तारखा चुकलेल्या आणि अर्ध्या टेक्स्ट. ओळखायची खूण सांगते, कॉलमला स्वतः अलाइनमेंट दिलेली नसेल तर एक्सेलमध्ये खरी तारीख सेलच्या उजवीकडे चिकटते आणि टेक्स्ट डावीकडे. एका कॉलममध्ये दोन्ही दिसलं की हात वर करा आणि फाइल परत पाठवा. क्लायंटला सांगा की तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, वर्ष चार आकडी, म्हणजे २०२४-०४-०५ अशीच द्या. ३५ म्हणजे १९३५ की २०३५ हे मशीनने ठरवायची वेळच यायला नको.

लोन नंबरचं म्हणाल तर तो नंबर नाहीच मुळी, ते नाव आहे जे आकड्यांत लिहिलंय. तुम्ही त्याची बेरीज करणार का कधी? नाही ना, मग फील्ड टेक्स्ट ठेवा. फोनचंही तसंच. एक्सेल नंबर समजून पुढची शून्यं खातं हे तुम्ही बघितलंच, पण १५ आकड्यांच्या पुढचं ते लक्षातच ठेवत नाही, १६ आकडी नंबर असेल तर शेवटचा आकडा शून्य करून टाकतं आणि ११ आकड्यांच्या वर गेलं की मध्येच ई टाकून दाखवतं, आणि तसं दिसत असताना सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) सेव्ह केली तर तेच ई-वालं फाइलमध्ये जातं, मूळ नंबर गेला तो गेला. म्हणून सीएसव्हीवर डबल-क्लिक करून "फक्त बघतो" म्हणून सेव्ह करण्याची सवय मोडा. बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये बघा, किंवा एक्सेलच्या डेटा इम्पोर्टमधून कॉलमला टेक्स्ट सांगून उघडा. हो, आणि नावं देवनागरीत असतील तर सीएसव्ही यूटीएफ-८ मध्येच (सेव्ह करताना निवडायचा, देवनागरी नीट ठेवणारा प्रकार) सेव्ह करा, नाहीतर सगळ्या कर्जदारांची नावं प्रश्नचिन्ह.

प्रश्न: "वाद आहे" असं चेकबॉक्स ठेवलंय. टिक नसली तर वाद नाही असं धरायचं का? रिपोर्टमध्ये साहेब तसं धरतात.

साहेबांना सांगा की टिक नसण्याचे दोन अर्थ आहेत, विचारलं आणि वाद नाही, किंवा विचारलंच नाही. चेकबॉक्सला हा फरक कळत नाही. जिथे हा फरक महत्त्वाचा आहे तिथे तीन पर्यायांचं ड्रॉपडाउन करा, "आहे", "नाही", "विचारलं नाही", आणि सुरुवातीला आपोआप "विचारलं नाही" येऊ द्या. रकमेच्या रकान्यालाही हेच, शून्य आणि रिकामा ह्यांत फरक आहे. सेटलमेंटची ऑफर शून्य म्हणजे सगळं माफ!

ड्रॉपडाउन करताना पर्याय कमी ठेवा आणि "इतर" ठेवलंत तर महिन्याने बघा तिथे किती खाती जमलीत. खूप जमली तर यादीत काहीतरी मोठं राहिलंय. पर्याय मुलांच्या तोंडच्या भाषेत हवेत, "तात्पुरती आर्थिक अडचण" आणि "परतफेडीची क्षमता नसणे" ह्यांत फरक काय हे चार मुलांना विचारा, पाच उत्तरं येतील.

प्रश्न: ताई, पीटीपीची तारीख आणि रक्कम अशी दोन कस्टम फील्ड केली आहेत. आता मॅनेजमेंटला हवंय की किती पीटीपी तुटले. कसं काढू?

वाचकांसाठी, पीटीपी म्हणजे कर्जदाराने दिलेला शब्द, की अमुक तारखेला अमुक रक्कम भरतो.

ह्या दोन रकान्यांतून नाही निघणार, वाईट वाटतं सांगायला. माणसाने १० तारखेचा शब्द दिला, तुम्ही भरलं. नाही भरली त्याने, परत फोन केला, २० तारीख दिली, तुम्ही त्याच रकान्यात १० खोडून २० केलं. पहिला शब्द मोडल्याचा पुरावा तुम्हीच पुसलात. तीन वेळा शब्द मोडलेला माणूस आणि आज पहिल्यांदा शब्द देणारा माणूस, दोघं स्क्रीनवर सारखेच दिसतात, आणि दोघांशी बोलण्याची पद्धत मात्र सारखी नसायला हवी.

एक रकाना एकच उत्तर धरतो. जी गोष्ट परत परत घडते, शब्द, भेट, पाठवलेलं पत्र, ती रकान्यात नाही तर ओळींमध्ये हवी, प्रत्येक वेळची वेगळी ओळ. पीटीपीसाठी बहुतेक वसुली सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची सोय असते, ती न बघताच लोक कस्टम फील्ड करतात. आधी ती शोधा. नसेलच तर अ‍ॅक्टिव्हिटी किंवा कॉलच्या नोंदीला फील्ड जोडता येतात का बघा. "पीटीपी १", "पीटीपी २", "पीटीपी ३" असे रकाने काढायचा मोह होईल, नका करू, चौथा येतोच. जुनं थोडंफार वाचवायचं असेल तर सॉफ्टवेअरची बदलांची हिस्टरी काढून बघा, कोणी कधी काय बदललं हे चालू ठेवलेलं असेल तर खोडलेल्या तारखा तिथे मिळतील.

प्रश्न: डीपीडीचं कस्टम फील्ड दर महिन्याला इम्पोर्टमधून भरतो. मुलं म्हणतात बकेट चुकीची दिसते.

डीपीडी म्हणजे हप्ता चुकून किती दिवस झाले तो आकडा, आणि तो रोज वाढतो, म्हणून भरलेल्या दिवशी खरा आणि दुसऱ्या दिवसापासून खोटा. १ तारखेला २८ भरलेलं खातं ४ तारखेला ३१ ला पोचलं, म्हणजे ०-३० च्या बकेटमधून (थकलेल्या दिवसांच्या गटातून) ३१-६० मध्ये गेलं, तुमच्याकडे मात्र महिनाभर २८. सगळ्यात जुन्या न भरलेल्या हप्त्याची तारीख साठवा आणि दिवस सॉफ्टवेअरला मोजू द्या. वयाऐवजी जन्मतारीख लिहितो तसंच. क्लायंटचा आकडा हिशेब जुळवायला हवाच असेल तर तो "क्लायंटचा डीपीडी" ह्या नावाने ठेवा आणि शेजारी तो कुठल्या तारखेचा आहे ती तारीख.

प्रश्न: एका फील्डचं नाव जरा नीट केलं तर नोटिसांमध्ये त्या जागी काहीच छापून येईना. पन्नासेक नोटिसा रिकाम्या रकमेच्या गेल्या.

फील्डला दोन नावं असतात, एक स्क्रीनवर दिसणारं आणि एक आतलं, जे पत्रांचे टेम्प्लेट, इम्पोर्टचं मॅपिंग आणि नियम वापरतात. दिसणारं नाव खुशाल बदला, आतल्याला हात लावू नका. काही सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकच असतात, तिथे बदलायच्या आधी ते नाव कुठे कुठे वापरलंय हे शोधावं लागतं. आणि नोटिसेच्या टेम्प्लेटला अट घाला, रकमेचा रकाना रिकामा असेल तर पत्र निघायचंच नाही, अडकून यादीत यायचं. गेलेल्या पन्नास जणांना दुरुस्त नोटीस आणि आधीची रद्द समजा असं एक वाक्य लगेच पाठवा, ते फोन करायची वाट बघू नका.

प्रश्न: कार्डने पैसे भरणाऱ्यांचा कार्ड नंबर आणि मागचा तीन आकडी कोड नोट्सच्या फील्डमध्ये ठेवतो, म्हणजे पुढच्या हप्त्याला परत विचारावं लागत नाही. आणि आजारपणाची माहितीही. चालतं ना?

अहो नाही! कार्डवाल्यांचे पीसीआय डीएसएस म्हणून नियम आहेत, त्यांत पेमेंट मंजूर झाल्यावर तो कोड साठवायचाच नाही असं आहे, एन्क्रिप्ट करूनसुद्धा नाही. आणि तुमच्याकडे तर तो साध्या नोट्समध्ये, सर्चमध्ये येणारा, एक्सपोर्ट होणारा. आजच नोट्समध्ये शोधून पुसून टाका, बॅकअपचं काय करायचं ते आयटीला विचारा, आणि पुढच्या हप्त्यांसाठी पेमेंट गेटवेकडून टोकन, म्हणजे कार्ड नंबरच्या जागी वापरायचा खुणेचा नंबर, घ्या, ते तुमच्याकडे राहिलं तरी दुसरीकडे कुठे चालत नाही.

आजारपणात रोगाचं नाव कशाला हवं? फोन करणाऱ्या मुलाला इतकंच कळायला हवं की सौम्यपणे बोला, अमुक तारखेपर्यंत कॉल नको. तेवढेच दोन रकाने करा, माणसाच्या लेव्हलला. कागदपत्रं घेतलीच असतील तर ती वेगळी, आणि बघायची परवानगी दोघा-तिघांनाच.